डोंगरावरची वेळ

आमच्या रायपूरच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर लंबकाचे एक जुने घड्याळ आहे. दर रविवारी सकाळी मी त्याला चावी देतो. घरात प्रत्येकाच्या हाती मोबाइल असल्यामुळे वेळ पाहण्यासाठी आता त्याच्याकडे कोणाची नजर वळत नाही. तरीही ते घड्याळ उतरवून ठेवण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. या घड्याळावर एकेकाळी खोटेपणाचा आरोप झाला होता आणि त्या आरोपात मनातल्या मनात मीही सामील झालो होतो.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, घड्याळजी होते. रायपूरच्या लोकांच्या भाषेत ‘घडीसाज’. छत्तीसगडात मराठी कुटुंबे नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून राहत आली आहेत. आमचे घरही त्यांपैकीच एक. तात्यापाऱ्यात आमचे बिऱ्हाड आणि बाजारातल्या एका गल्लीत अण्णांचे छोटेसे दुकान होते. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. पण डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाच्या दातेरी चक्रांकडे पाहू लागले, की एखादा विद्वान पोथी वाचत असल्यासारखे वाटे.

त्यांचा एक नियम होता. दुरुस्त केलेले घड्याळ पंधरा दिवस दुकानाच्या भिंतीवर चालवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. आकाशवाणीवर बातम्यांपूर्वी वेळेचे ठोके वाजत, तेव्हा ते हातातले काम थांबवून भिंतीवरच्या घड्याळांवरून नजर फिरवत. एखादे घड्याळ मागे पडत असेल, तर लंबकाच्या तळाशी असलेली लहानशी चाकी फिरवून लोलक किंचित वर घेत. पुढे जात असेल, तर किंचित खाली सोडत. रायपूरच्या उन्हाळ्यात धातूची दांडी तापून लांबते आणि घड्याळ मागे पडू लागते, थंडीत ती आखडते आणि घड्याळ पुढे जाते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. “घड्याळालाही ऋतू कळतात,” असे ते म्हणत.

१९८२ सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि शाळा सोडून दुकानात बसू लागलो होतो. मूळचे भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ दुकानात आले. ते बस्तरमध्ये बैलाडिलाच्या लोखंडाच्या खाणीवर नोकरीला होते. या डोंगररांगेची शिखरे बैलाच्या वशिंडासारखी दिसतात, म्हणून तिला बैलाडिला हे नाव पडले. डोंगरमाथ्यावर कामगारांची एक वस्ती होती. तिचे नावही सुरेख होते, ‘आकाशनगर’. त्या गृहस्थांनी अण्णांकडून एक लंबकाचे घड्याळ विकत घेतले. नेहमीप्रमाणे ते पंधरा दिवस भिंतीवर चालले. एका सेकंदाचाही फरक पडला नाही, तेव्हा अण्णांनी स्वतः ते गोधडीत गुंडाळून जगदलपूरच्या बसमध्ये ठेवून दिले.

दीड महिन्याने ते गृहस्थ घड्याळ घेऊन परत आले. “अण्णा, हे महिन्याला सात मिनिटे मागे पडते,” ते म्हणाले. “पाळीची गाडी माझ्यासाठी थांबत नाही.” अण्णांनी घड्याळ उघडून पाहिले. दोष सापडला नाही. पुन्हा पंधरा दिवस भिंतीवर चालवले, पुन्हा चोख. गृहस्थ ते घेऊन गेले आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत आले.

अण्णा बुचकळ्यात पडले. डोंगरावर हवा थंड. थंडीत घड्याळ पुढे जायला हवे. हे मागे कसे पडते? त्यांना वाटले, लोखंडाचा एवढा थोरला डोंगर आहे, त्यानेच लंबकाला ओढून धरले असेल. गिऱ्हाइकाने एक साधा उपाय सुचवला. “तुम्ही इथेच ते दिवसाला चौदा सेकंद पुढे धावेल असे लावून द्या. तिथे गेल्यावर आपोआप बरोबर होईल.”

त्यावर अण्णांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, “बरोबर चालणारे घड्याळ मी जाणूनबुजून चुकीचे लावून देऊ? माझ्या हातून ते होणार नाही.” त्यांनी गल्ला उघडून घड्याळाचे सगळे पैसे परत केले. ते गृहस्थ जाताना एवढेच म्हणाले, “अण्णा, आता वय झाले तुमचे.” अण्णा काही बोलले नाहीत. आणि मी, त्यांचा मुलगा, त्यांच्या भिंगाकडे पाहत मनात म्हणालो, ‘खरे आहे. अण्णांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही.’

पुढे बाजारात क्वार्ट्झची स्वस्त घड्याळे आली. १९८५ साली, बऱ्याच अंशी माझ्याच आग्रहाने, दुकान बंद झाले. परत आलेले ते घड्याळ मात्र अण्णांनी विकले नाही. ते घरी आणून लावले आणि १९९८ साली त्यांचे निधन होईपर्यंत दर रविवारी त्याला चावी दिली.

या गोष्टीचा उलगडा झाला तो माझ्या मुलीमुळे. ती रायपूरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकत होती. एका रात्री जेवताना मी तिला आजोबांच्या घड्याळाची हकिकत सांगितली. ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, “बाबा, आजोबांचे काहीच चुकले नव्हते. डोंगरावर लंबक हळूच हलणार!”

तिने समजावून सांगितले ते असे. लंबकाला खाली ओढणारी शक्ती म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण. ते जितके कमी, तितका लंबक सावकाश झुलतो. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके दूर जाऊ, तितके हे आकर्षण कमी होते. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे, तर बैलाडिलाचा माथा बाराशे मीटरच्या आसपास. शिवाय बैलाडिला रायपूरच्या दक्षिणेला आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असून तिथे तिचा फिरण्याचा वेगही सर्वाधिक असतो. त्यामुळे विषुववृत्ताकडे सरकावे, तसे आकर्षण आणखी थोडे घटते.

ही गोष्ट माणसाला तीनशे वर्षांपूर्वीच कळली होती. १६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेन या ठिकाणी गेला. पॅरिसमध्ये चोख चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याने लंबक थोडा आखूड केला, तेव्हा ते बरोबर चालू लागले. या निरीक्षणाचा आधार घेऊन न्यूटनने पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचे प्रतिपादन केले.

मुलीने कागद घेतला आणि हिशेब मांडला. उंचीमुळे दिवसाला आठ ते बारा सेकंदांची घट, दक्षिणेकडे गेल्यामुळे सहा-सात सेकंदांची. थंडीने दांडी आखडल्यामुळे दोन-तीन सेकंदांची भरपाई. उत्तर त्या गृहस्थांच्या चौदा सेकंदांच्या अगदी जवळ आले. गिऱ्हाईक खरे बोलत होते आणि अण्णाही खरेच बोलत होते. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. ज्या माणसाच्या हाताविषयी मी शंका घेतली होती, तो हात शेवटपर्यंत अचूक होता.

“पण खरी गंमत पुढेच आहे,” मुलगी म्हणाली. “आजोबांच्या घड्याळाऐवजी अणुघड्याळ त्या डोंगरावर नेले असते, तर ते मागे पडले नसते. ते पुढे गेले असते.”

अणुघड्याळात लंबक नसतो, कमान नसते, दातेरी चक्रेही नसतात. सिझियम या धातूचा अणू एका ठरावीक सूक्ष्मलहरीलाच प्रतिसाद देतो. त्या लहरीची कंपने मोजून वेळ ठरवली जाते. १९६७ सालापासून एका सेकंदाची व्याख्याच तशी आहे: सिझियम अणूशी निगडित असलेल्या त्या लहरीची ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० कंपने होण्यास लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अशी घड्याळे आहेत आणि आपली भारतीय प्रमाणवेळ त्यांच्याच आधारे राखली जाते.

लंबक सावकाश झुलतो, तो त्याला ओढणारे बळ कमी झाल्यामुळे. हा त्या यंत्राच्या रचनेचा परिणाम आहे. वाळूचे घड्याळ, पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र यांच्यावरही असे बाहेरचे परिणाम होतातच. अणुघड्याळ उंचीवर पुढे जाते त्याचे कारण मात्र निराळे आहे आणि ते मनाला सहजी पटत नाही. तिथे घड्याळाच्या यंत्रात काही बिघडत नाही; उंचावर काळच किंचित वेगाने सरकतो.

ही कल्पना अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०७ साली प्रथम मांडली आणि १९१५ साली व्यापक सापेक्षतेच्या सिद्धांतात तिला पूर्ण रूप दिले. प्रचंड वस्तुमानाच्या जवळ काळ संथ चालतो, दूर गेल्यास वेगाने. त्या वेळी हे पडताळून पाहता येईल असे साधन पृथ्वीवर नव्हते. १९६० साली हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का या शास्त्रज्ञांनी एका इमारतीतल्या अवघ्या साडेबावीस मीटर उंचीवर हा परिणाम मोजून दाखवला. त्यांनी त्यासाठी लोखंडाच्या अणुकेंद्रातून निघणारे किरण वापरले होते. हे ऐकले, तेव्हा मला अण्णांचा लोखंडाचा डोंगर आठवला. लोखंडाने घड्याळ ओढून धरले नव्हते. पण उंचीचे गुपित उलगडायला अखेर लोखंडच साक्षीला आले.

१९७१ साली हाफेले आणि कीटिंग या दोघांनी चार सिझियम घड्याळे साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. फरक सिद्धांताला धरूनच निघाला. मला त्याहून जवळची वाटते ती २००५ सालची एक हकिकत. अमेरिकेतले टॉम व्हॅन बाक हे घड्याळांचे छांदिष्ट गृहस्थ आपल्या तीन मुलांना आणि तीन सिझियम घड्याळांना घरच्या मोटारीत घालून माउंट रेनियर या पर्वतावर घेऊन गेले. घरापेक्षा सुमारे तेराशे मीटर उंचीवर त्यांनी दोन दिवस मुक्काम केला. घरी परतल्यावर पाहिले, तर डोंगरावर गेलेली घड्याळे घरी राहिलेल्या घड्याळांच्या सुमारे बावीस नॅनोसेकंद पुढे गेली होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. गोधडीत गुंडाळलेले घड्याळ बसमधून केशकालचा घाट चढून जात असल्याचे चित्र त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

बैलाडिलाचा हिशेबही आम्ही मांडला. दर मीटर उंचीमागे अणुघड्याळ वर्षाला सुमारे साडेतीन नॅनोसेकंद पुढे जाते. रायपूर आणि बैलाडिलाचा माथा यांत नऊशे मीटरचा फरक धरला, तर वर्षाला सुमारे तीन मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे तीन भाग. दोन घड्याळांत पुरत्या एका सेकंदाचे अंतर पडायला सव्वातीन लाख वर्षे लागतील. आपल्या पूर्वजांनी घटिकेची साठ पळे केली आणि पळाची साठ विपळे. विपळ म्हणजे सेकंदाच्या निम्म्याहूनही कमी काळ. माणसाचे अख्खे आयुष्य डोंगरावर गेले, तरी हा फरक एका विपळाच्या जवळपासही पोहोचणार नाही.

मग इतक्या सूक्ष्म फरकाची चिंता कोणी करावी? ती करावी लागते, कारण आज जगाची वेळ अनेक देशांतल्या अणुघड्याळांची सरासरी काढून ठरते. ही घड्याळे निरनिराळ्या उंचीवर असतात. अमेरिकेतल्या बोल्डर शहरातली प्रयोगशाळा समुद्रसपाटीपासून सुमारे १६५० मीटर उंचावर आहे. तिथल्या घड्याळाची चाल समुद्रकाठच्या घड्याळाशी जुळणार कशी? म्हणून १९७७ सालापासून आंतरराष्ट्रीय अणुवेळेचा हिशेब समुद्रसपाटीला धरून केला जातो. यातही एक नवल आहे. लंबकाला विषुववृत्त आणि ध्रुव यांतला फरक कळतो. अणुघड्याळाला समुद्रसपाटीवर तो कळत नाही. विषुववृत्तावर केंद्रापासून दूर असल्यामुळे त्याने जितके पुढे जावे, तितकेच पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगामुळे ते मागे राहते. दोन्ही परिणाम एकमेकांना फेडून टाकतात.

वेळ ही आपण सर्वांनी मिळून केलेली तडजोड आहे, हे तसे आपल्याला नवीन नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. हा रेखांश छत्तीसगडातूनच जातो. रायपूर त्याच्या थोडेसे पश्चिमेला असल्यामुळे आमची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या साडेतीन मिनिटेच मागे असते. मुंबईची मात्र एकोणचाळीस मिनिटे. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यावरही कित्येक वर्षे मुंबईत ‘मुंबई वेळ’ चालू होती, ती यामुळेच. पण रेखांशामुळे फक्त तबकडीवरचे आकडे बदलतात, घड्याळाची चाल तीच राहते. उंची बदलली, की चालच बदलते.

आणि आता मी मुलीने सांगितलेल्या त्या गोष्टीकडे येतो, जी ऐकून माझे डोळे भरून आले. आपल्या मोबाइलला वाट दाखवणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्यात अणुघड्याळे असतात. उंचीमुळे ती दिवसाला पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे सात मायक्रोसेकंद मागे पडतात. एकूण अडतीस मायक्रोसेकंद पुढे. एवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. हा फरक तसाच राहू दिला, तर दिवसभरात वाटाड्याचाच गोंधळ उडेल. म्हणून काय करतात? उपग्रह आकाशात पाठवण्यापूर्वी, जमिनीवर असतानाच, त्याचे घड्याळ तेवढे मागे पडेल असे मुद्दाम लावून ठेवतात. इथे ते चुकीचे असते; वर गेल्यावर बरोबर होते.

त्या खाणीतल्या गृहस्थाने अण्णांकडे नेमके हेच मागितले होते!

आपल्या देशाच्या ‘नाविक’ या उपग्रहमालिकेलाही अशीच घड्याळे लागतात. पहिल्या उपग्रहांतली अणुघड्याळे परदेशातून आणलेली होती आणि त्यांपैकी काही बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच अहमदाबादच्या केंद्रात घडवलेले स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळ बसवण्यात आले. ही बातमी वाचली, त्या दिवशी मी नकळत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

“मग आजोबांनी चाकी फिरवायला हवी होती का?” मी मुलीला विचारले. ती क्षणभर थांबली. म्हणाली, “हवी होती, बाबा. पण त्यांना कोणी कारण सांगितले असते, तर त्यांनी ती आनंदाने फिरवली असती.”

मला ते पटले. अण्णा हट्टी नव्हते. लबाडीने घड्याळ पुढे लावणे आणि जागा ओळखून घड्याळ लावणे, यांत फरक आहे. पण तो कळायला ज्ञान लागते आणि ते ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. जे इथे बरोबर ते सगळीकडे बरोबर, असे ते मानत होते. आणि मी? माझ्याजवळही ज्ञान नव्हते. तरी मी उत्तर शोधण्याआधी माणसाला दोष देऊन मोकळा झालो होतो. त्यांच्या अज्ञानापेक्षा माझी ती घाई मला आज अधिक बोचते.

आता प्रयोगशाळांतली घड्याळे इतकी सूक्ष्म झाली आहेत, की २०२२ साली एका मिलिमीटर उंचीमुळे पडणारा फरकसुद्धा शास्त्रज्ञांनी मोजून दाखवला. म्हणजे टेबलावरच्या पुस्तकाच्या वरच्या पानावरची वेळ आणि खालच्या पानावरची वेळ काटेकोरपणे एक नसते. तरीही जगाचे व्यवहार सुरळीत चालतात, कारण प्रत्येक घड्याळ कुठे उभे आहे हे आधी विचारले जाते आणि मगच त्याची चूक की बरोबर ते ठरते.

दर रविवारी मी घड्याळाला चावी देतो, तेव्हा लंबकाखालची चाकी बोटाने नुसती चाचपून पाहतो. अण्णांनी शेवटची लावली होती, तिथेच ती आहे. रायपूरच्या या भिंतीवर ते घड्याळ अजूनही चोख वेळ दाखवते.